टाकीशेजारची हिरवळ

२ मार्च

आजपासून सोसायटीची बाग माझ्याकडे. काल सभेत आधीच्या बाग समितीने हात वर केले. नवीन कुणी पुढे येईना, तेव्हा चेअरमन माझ्याकडे वळून म्हणाले, "काका, स्वच्छतेची तुमच्याइतकी चाड इथे कुणाला आहे?" खोटं नव्हतं. चौतीस वर्षं डेअरीत दूध तपासण्यात गेली. टँकर फाटकातून आत आला की झाकण उघडून मी नाक लावायचो आणि सांगायचो, घ्या किंवा परत पाठवा. यंत्रं माझ्यानंतर यायची आणि माझंच म्हणणं खरं करायची.

सकाळी चिमटा आणि पोतं घेऊन तिन्ही इमारतींना चक्कर मारली. शिसारी आली. कुंपणाच्या झुडपांत काय नाही? बाळांचे लंगोट, तेही उघडेच भिरकावलेले. कंगव्यातून काढलेल्या केसांचे गुंते. कान कोरलेल्या काड्या. जास्वंदीच्या पानावर चघळून चिकटवलेला च्युइंगम. एका कवळीचा अर्धा तुकडा. तो कुणाचा, हे मी शोधून काढणार आहे. कुत्र्यांबद्दल लिहीत नाही, जेवायचं आहे. आणि ही सगळी माणसं लिफ्टमध्ये भेटली की अत्तर मारून उभी असतात.

घरी आलो तर ही दारातच म्हणाली, "अहो, आधी आंघोळ करा, मग आत या."

"अगं, वास तर काहीच येत नाहीये."

ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तरी करा."

५ मार्च

माळीणबाईशी बोललो. पन्नाशीची असेल, नऊ वर्षं इथे आहे. उकिडवी बसून काम करते आणि बोलताना वर बघत नाही. मला ते आवडलं नाही.

आवारातली सगळी हिरवळ उन्हाने पिवळी पडली आहे. पहिल्या दोन इमारतींच्या मधे पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी आहे, फक्त तिच्या झाकणाभोवतीचा तुकडा बरा आहे. मी तिला म्हटलं, "इथे पाणी देताना तू मला कधीच दिसली नाहीस."

"तिथं मी पाणी घालत नाही, साहेब."

"का?"

"लागत नाही."

बाकी काही नाही. लागत नाही म्हणे! कामचुकारपणाला इतकं आटोपशीर उत्तर मी डेअरीतही ऐकलं नव्हतं. मी स्वतः त्या तुकड्यावर खत टाकलं आणि तिच्यासमोर पाइप लावून भरपूर पाणी सोडलं. ती खुरपं हातात धरून नुसती बघत होती.

११ मार्च

माझ्या खताचा गुण! टाकीशेजारची हिरवळ अशी तरारली आहे की चेअरमन खास फोटो काढायला आले. ओणवे होऊन तळहात फिरवला. "गालिचा आहे, काका." पाऊल टाकलं की पायाखाली गुबगुबीत लागतं. पहिल्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंची सात वर्षांची मुलगी तर संध्याकाळभर तिथे कोलांट्या मारत असते. मी तिला हटकत नाही. हिरवळ वापरायचीच असते. तिच्यावर थुंकायचं नसतं, एवढंच.

तिसऱ्या इमारतीतले एक गृहस्थ बाल्कनीतून थेट कण्हेरीवर थुंकतात. आज मी खाली उभं राहून टाळ्या वाजवल्या. आत पळाले.

सकाळी ही म्हणाली, "दूध बिघडलंय, चहा कोराच घ्या." मला काही जाणवलं नव्हतं. हल्ली हिला प्रत्येक गोष्टीत काहीतरी खोट दिसते. फ्रीज उघडला की आधी स्वतः पातेल्यात वाकून बघणार, मग मला देणार. वय झालं की माणूस असा किरकिरा होतो.

१७ मार्च

आज माळीणबाईने मान वर केली. "साहेब, टाकीजवळच्या मातीला घाण वास येतोय. खालची मैल्याची नळी फुटली असणार. प्लंबरला बोलवा, बघू द्या एकदा."

मी तिच्यादेखत गुडघ्यावर बसलो, मूठभर माती उचलली आणि नाकाशी नेली. ओली माती. बास. "चौतीस वर्षं मी हेच काम केलंय," तिला सांगितलं. तेवढ्यात वरून शिक्षिकाबाई ओढणी नाकाला लावून म्हणाल्या, "काका, अहो त्या बरोबर सांगतायत. आम्ही आठवडाभर खिडक्या उघडलेल्या नाहीत."

एकीने सुरुवात केली की दुसरीला वास आलाच. नाक धरून चालणं ही हल्लीची फॅशन आहे. ज्यांना स्वतःच्या दारातला कचऱ्याचा डबा दिसत नाही, त्यांना जमिनीखालच्या नळीचा वास येतो!

संध्याकाळी चेअरमन आले. लॉन उकरायचं म्हणजे महिनाभर चिखल, लोक बोंबलतील, असं त्यांचं म्हणणं. "काका, तुम्ही वास नाही म्हणालात म्हणजे नाही. तेवढं लिहून द्या, म्हणजे विषय संपला." लिहून दिलं: 'टाकीशेजारील हिरवळीची मी स्वतः तपासणी केली असून तेथे कोणतीही दुर्गंधी नाही. रहिवाशांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.' खाली सही, आणि सहीखाली डेअरीतला हुद्दा. चेअरमननी लगेच फलकावर लावलं.

२४ मार्च

डोकं अजून तापलेलं आहे, पण लिहितो.

टाकीजवळचं तण काढायला सांगितलं तर माळीणबाई म्हणाली, रबरी हातमोजे दिल्याशिवाय हात लावणार नाही. हात पुढे करून दाखवले. बोटांच्या बेचक्यांत लाल चट्टे, काही फुटलेले. बघवेना. मी म्हटलं, खताने उठलं असेल, हात धुवत जा. ती म्हणाली, "खत तर तुम्हीपण हाताने टाकलंत." मी म्हटलं, उलट बोलू नकोस. तोवर दोन्ही इमारतींच्या जिन्यात माणसं जमली होती. तेव्हा ती उठून उभी राहिली आणि सगळ्यांसमोर, आवाज न चढवता म्हणाली, "साहेब, तुमचं नाक गेलंय."

कुणीतरी हसलं.

मी तिथूनच चेअरमनना फोन लावला. एक तर ती, नाहीतर मी. त्यांनी एका मिनिटात निकाल दिला. तिने खुरपं झाकणावर ठेवलं, नळावर कोपरापर्यंत हात धुतले, साबण लावून परत धुतले, आणि फाटकातून गेली. शेवटपर्यंत नाटक.

घरी हिला सांगितलं. वाटलं होतं, ही तरी चिडेल. तिने भाजी चिरायची थांबवली. "ती असं म्हणाली?"

"तोंडावर!"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काढून टाकलं."

ती बराच वेळ विळीकडे बघत बसली. माझा अपमान हिच्या मनाला चांगलाच लागलेला दिसतो.

२ एप्रिल

सोसायटीत उलट्या-जुलाबांची साथ आहे. सात घरं. शिक्षिकाबाईंची मुलगी तीन दिवस तापाने पडून आहे, काही खात नाही. लोक रस्त्यावर उभं राहून काहीबाही चापतात, त्याच हाताने नाक पुसतात आणि मग हवेला दोष देतात. जिन्यात कुणीतरी ओकून ठेवलं होतं, वर वर्तमानपत्र टाकलेलं. वर्तमानपत्र! जणू झाकलं की संपलं. मीच बादली नेऊन धुतलं.

नवा माळी अजून मिळालेला नाही. टाकीशेजारची हिरवळ मात्र बिनपाण्याची टवटवीत आहे.

माझंही पोट बिघडलंय. हवा बदलते आहे.

९ एप्रिल

हिला कावीळ. चार दिवस तोंडाला चव नाही म्हणत होती, काल डोळे पिवळे दिसले. आज डॉक्टरांनी ॲडमिटच करून घेतलं. शिक्षिकाबाईंची मुलगीही त्याच मजल्यावर आहे, तिलाही कावीळ.

डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?" मी म्हटलं, सोसायटीच्या टाकीचं. दर सहा महिन्यांनी धुतो, माझ्याकडे तारखा आहेत. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. "पाण्याची तपासणी करून घ्या."

हॉस्पिटल म्हणजे आणखी एक किळस. पलंगाच्या दांड्याला वाळलेलं काहीतरी चिकटलेलं होतं. मी रुमालाने खरवडून काढलं. हिने डोळे मिटून विचारलं, "घरी जेवलात का?" तिला स्वतःला चमचाभर पाणी पोटात ठरत नव्हतं.

१२ एप्रिल

हे लिहायलाच हवं.

डॉक्टर म्हणाले होते, थोडं पातळ दूध चालेल. सकाळी तापवलं, साखर घातली, थर्मासमध्ये भरून नेलं. नर्सने झाकण उघडलं आणि मान झटक्यात मागे घेतली. कपात ओतलं तर फुटक्या गाठी पडल्या. मग तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. वॉर्डातल्या म्हाताऱ्यांकडे बघतात तसं.

"काका, नासलंय हे. वास नाही आला?"

मी थर्मास घेऊन नाकाशी धरला. श्वास ओढला. पुन्हा ओढला. काही नाही. गार पाण्याच्या पेल्यात नाक घालावं तसं.

ही उशीवरून बघत होती. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"मागच्या वर्षी तुम्हाला तो लांबलेला ताप आला होता ना, तेव्हापासून. भाजी करपून घरभर धूर झाला आणि तुम्ही शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतात."

"आणि सांगितलं नाहीस?"

तिला बोलायला दम लागत होता. "आयुष्यभर त्या नाकाच्या जोरावर वावरलात तुम्ही. सांगायला जीभ रेटली नाही. वाटलं, घरातलं मी सांभाळून घेईन." मग थोड्या वेळाने म्हणाली, "बागेचं माझ्या लक्षात यायला हवं होतं. ती बाई बोलली त्या दिवशी तरी मी तोंड उघडायला हवं होतं."

घरी आलो. फिनेलची बाटली उघडली. कांदा फोडला. डोळ्यांतून पाणी आलं, वास नाही. काल घातलेले मोजे नाकाला लावले. एका माणसाने स्वयंपाकघरात एकटं उभं राहून स्वतःचे मोजे हुंगावेत, याच्याइतकं किळसवाणं काही मी या सोसायटीत पाहिलेलं नाही. आणि मी बरंच पाहिलंय.

१३ एप्रिल

उजाडताच खुरपं घेऊन टाकीपाशी गेलो. गवताचा थर सालासारखा सुटून आला. खाली माती नव्हती, काळा गाळ होता. वीतभर खणलं तर खड्डा आपोआप भरायला लागला. काळं पाणी, वर साय धरल्यासारखा तवंग, त्यात कागदाचे लगदे. आणि जे तरंगत होतं ते काय होतं, हे कळायला नाक लागत नव्हतं. माझे हात मनगटापर्यंत त्यात होते. याच्यावर मी खत टाकलं. याच्यावर ती पोरगी कोलांट्या मारत होती. मूठभर उचलून मी हे नाकाशी नेलं होतं आणि म्हटलं होतं, बास, ओली माती.

तिथेच बाजूला उलटी झाली.

मागे शिक्षिकाबाई उभ्या होत्या, हॉस्पिटलला निघालेल्या, हातात डबा. "आता तरी येतोय का वास, काका?"

"नाही," मी म्हटलं. "मला वासच येत नाही. वर्ष झालं."

त्यांचं तोंड उघडं राहिलं. मग त्या डबा सावरून निघून गेल्या.

प्लंबर दहाला आला. झाडाच्या मुळांनी मैल्याची नळी फोडलेली, आणि तिथून हातभर अंतरावर टाकीच्या भिंतीला तडा. त्याने टाकीचं झाकण उचललं, बॅटरीने आत बघितलं आणि माझ्या हातात बॅटरी दिली. मी बघितलं. काय दिसलं ते लिहीत नाही. हे आम्ही प्यायलो.

दुपारी टाकी बंद केली. बाहेरून पाण्याचे टँकर सुरू झाले.

१५ एप्रिल

चेअरमननी मला सभेआधी बाजूला घेतलं. फलकावरचा माझा कागद त्यांनी आधीच काढून फाडला होता. "काका, नळी आत्ता, चार दिवसांपूर्वी फुटली. प्लंबरला मी सांगितलंय. तुम्ही फक्त मान हलवा. तुमचं वय, वहिनी आजारी, कुणी काही बोलणार नाही."

"आणि माळीणबाई?"

"ती कशाला मधे? ती गेली. विषय संपला."

'विषय संपला' हे त्यांनी सतरा मार्चलाही म्हटलं होतं, आणि तेव्हा मला किती हलकं वाटलं होतं! नासलेल्या दुधाचे टँकर घेऊन येणारे ड्रायव्हर असेच गोड बोलायचे. त्यांना मी फाटकातून हाकलायचो.

सभेत उठलो आणि ही वही उघडून सतरा मार्च आणि चोवीस मार्च जसंच्या तसं वाचून दाखवलं. 'शेवटपर्यंत नाटक'सुद्धा गाळलं नाही. वाचताना माझाच आवाज मला ओशट वाटत होता. मग सांगितलं की मला वास येत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. पण दोन माणसं येतोय म्हणत असताना मी एका प्लंबरला बोलावू शकलो असतो, त्यासाठी नाक लागत नाही.

चेअरमन उठून म्हणाले, "काका भावनेच्या भरात..." तेवढ्यात शिक्षिकाबाई म्हणाल्या, "त्यांना बोलू द्या. आणि मग तुम्ही बोला. मी तुम्हाला तीन पत्रं दिली होती." चेअरमन खाली बसले. पत्रांचं मला माहीत नव्हतं.

मी खाली बसलो तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी आपली खुर्ची थोडी पलीकडे सरकवली. कण्हेरीवर थुंकणारे ते हेच.

१९ एप्रिल

माळीणबाईचा पत्ता काढला. शहराबाहेरच्या रस्त्यालगत एक रोपवाटिका आहे, तिथे कामाला लागली आहे. रोपं पिशव्यांत भरत होती. हातात रबरी मोजे.

"काम आहे मला, साहेब. बोला लवकर."

बसमध्ये पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हटलं, "तुमचं बरोबर होतं."

"ते मला माहीतच होतं. एवढंच सांगायला इतक्या लांब आलात?"

"चूक झाली माझी. सभेत सगळ्यांसमोर सांगितलं. तुम्ही परत या."

"नाही येणार." पिशवीत माती दाबत म्हणाली. राग नव्हता आवाजात, तेच जास्त लागलं. "इथं मी सांगते ते ऐकतात." मग थांबून म्हणाली, "त्या पहिल्या मजल्यावरच्या बाईंची मुलगी? खेळायची तिथं. बरी आहे ना?"

रोज त्याच मजल्यावर जातो, तिच्या खोलीवरून जातो, आणि एकदाही आत डोकावलो नव्हतो. "विचारलं नाही," म्हटलं.

तिने हात थांबवले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट, पूर्ण बघितलं. तिला काय दिसत होतं ते मला कळलं. मला रोज झुडपांत सापडायचं, तेच.

२० एप्रिल

हॉस्पिटलमध्ये मुलीच्या खोलीत गेलो. काडी झाली आहे. उद्या-परवा सोडतील. शिक्षिकाबाई दारातच उभ्या राहिल्या, आत या म्हणाल्या नाहीत. मी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं, मी परत फिरलो. जिन्यापर्यंत पोचलो तेव्हा मागून म्हणाल्या, "काकूंना आज थोडं बरं वाटत होतं. मी मगाशी जाऊन आले."

२६ एप्रिल

ही घरी आली. मुलगीही चार दिवसांपूर्वी आली. नळी बदलली, टाकीला आतून नवा गिलावा चालू आहे. हिरवळ पूर्ण उकरून ढीग लावला आहे. येणारे-जाणारे नाकाला रुमाल लावून पळतात. मी रोज दोन तास तो ढीग पोत्यांत भरतो. कुणी मदतीला येत नाही आणि मी बोलावतही नाही.

४ मे, रविवार

सकाळी पोती बांधत होतो, तर फाटकातून माळीणबाई. सुट्टीचा दिवस, नेसण धुतलेलं, हातात पिशवी.

"कामाला आले नाही," आधीच सांगितलं. "बघायला आले."

खड्ड्याच्या कडेने फिरली. चार ठिकाणची माती उचलून नाकाशी नेली, बोटांनी चुरली, टाकून दिली. मी तिच्या मागे मागे. एकदा म्हणाली, "जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय." बाजूला झालो.

"अजून आहे. या कोपऱ्यात जास्त. आणखी हातभर खणून काढा, मग पंधरा दिवस उघडं तापू द्या. लगेच हिरवळ लावायची घाई करू नका."

बागेची नोंदवही मी पुढे केली. म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहितो. तिने वही माझ्या हातातून घेतली, पोत्यावर ठेवली आणि स्वतःच लिहिलं. वळणदार अक्षर, एकही खाडाखोड नाही: तारीख, कोपरा, किती खोल, आणि शेवटी, 'पुढील तपासणी होईपर्यंत येथे मुलांना खेळू देऊ नये.' खाली पूर्ण नाव. नऊ वर्षं इथे काम केलेल्या बाईचं पूर्ण नाव मी आज वाचलं.

वरून हिने हाक मारली, "अहो, त्यांना चहाला वर घेऊन या."

"चहा नको," ती म्हणाली. मग खिडकीत उभ्या असलेल्या हिच्याकडे, हिच्या उतरलेल्या तोंडाकडे बघून विचारलं, "पाणी कुठलं आहे आता?"

"बाहेरून येतं. वर उकळून घेतो."

"कोण उकळतं?"

"मी. घड्याळ लावून."

तिने थोडा विचार केला. "मग अर्धा कप."

वर आली, पण उंबऱ्याच्या आत नाही. हिने आग्रह केला, मी केला. जिन्याच्या कठड्याला टेकून उभ्या उभ्याच प्यायली, हिच्या तब्येतीची चौकशी केली, माझ्याशी काही बोलली नाही. कप रिकामा करून माझ्या हातात दिला आणि खाली उतरली.